हातातून सुटलं की डावीकडेच पडतं: घरी बांधलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक विमानाचं दुखणं

लक्षण असं असतं. रिमोटवर उडणारं छोटं विमान स्वतः कापून, चिकटवून बांधलेलं. मोटर जोरात फिरते, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) नीट हलतात, बॅटरी पूर्ण भरलेली. मित्र विमान खांद्याच्या वर धरून फेकतो. दोन-तीन मीटर ते जातं, नाक थोडं उचलतं, डावा पंख खाली झुकतो आणि आपला अंगठा हलायच्या आत नाक मातीत. चिकटवून पुन्हा आणलं की पुन्हा तेच, आणि पुन्हा डावीकडेच. आजूबाजूचे सल्ले देतात: जोरात फेक, पूर्ण थ्रॉटल (मोटरचा जोर) दे, उजवीकडे ट्रिम (स्टिक मध्यावर असतानाही राहणारा कल) दे. माझ्या पहिल्या विमानाच्या वेळी मी हे तिन्ही करून पाहिलं. तीन दिवसांत पाच वेळा विमान पडलं, पाचही वेळा डावीकडे.

या दोषाबद्दल मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. पहिल्यांदा विमान पडतं ते एखाद्या साध्या चुकीमुळे. पण ते पुन्हा पुन्हा पडतं ते बहुतेक वेळा आपण केलेल्या दुरुस्तीमुळे. प्रत्येक पडण्यानंतर आपण जे चिकटवतो त्याने शेपटी जड होते, नाक आखूड होतं आणि मोटरचा कोन बदलतो. ह्या तिन्ही गोष्टी विमानाला डावीकडेच ओढणाऱ्या आहेत. मूळ चूक कदाचित दुसऱ्याच दिवशी सुधारलेली असते, पण तोवर आपण नवी चूक गोंदाने पक्की केलेली असते.

आकडे पटावेत म्हणून एकच विमान डोळ्यांसमोर ठेवतो. फोमबोर्डचं, पंख धडाच्या वर बसवलेला. पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी १ मीटर, रुंदी २० सेंमी. २२१२ मापाची १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटर, १० बाय ४.५ चा प्रॉपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), ३ सेलची २२०० एमएएच लाइपो बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (एलेरॉन, एलिव्हेटर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी). सगळं मिळून ७०० ग्रॅम. नवशिक्याला साधारण अशीच जोडणी सुचवली जाते आणि ती चांगलीच आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन-तीनदा पडल्यावर पहिला विचार मोठी मोटर घ्यायचा येतो. मोठ्या मोटरने हा दोष वाढतो.

डावीकडेच का?

नेहमीचा प्रॉपेलर विमानाच्या मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. मोटर प्रॉपेलरला उजवीकडे पिळते, तेवढ्याच जोराने प्रॉपेलर विमानाला डावीकडे पिळतो. वरच्या जोडणीत पूर्ण थ्रॉटलला मोटरच्या दांड्यावर साधारण १०० वॅट आणि मिनिटाला ८००० फेरे धरले, तर हा पीळ ०.१२ न्यूटन मीटरच्या आसपास येतो. म्हणजे डाव्या पंखाच्या टोकाला सुमारे २५ ग्रॅमचं वजन लटकवल्यासारखं. वेगात उडणाऱ्या विमानाला हे काहीच नाही, एलेरॉन थोडासा हलला तरी ते भरून निघतं. पण हातातून नुकत्याच सुटलेल्या विमानाच्या एलेरॉनवरून पुरेशी हवाच जात नसते.

याच्या जोडीला आणखी दोन ओढी आहेत. प्रॉपेलरमागची हवा मळसूत्रासारखी फिरत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डाव्या बाजूने आदळते, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. शिवाय नाक वर उचललेलं असताना प्रॉपेलरचं खाली येणारं, म्हणजे उजव्या बाजूचं पातं हवेला जास्त कोनात कापतं आणि जास्त ओढतं. त्यानेही नाक डावीकडेच जातं. तिन्ही ओढी एकाच बाजूच्या, आणि वेग कमी, थ्रॉटल जास्त, नाक वर अशा वेळी त्या सर्वात जोरकस. विमान हातातून सोडतो तो क्षण नेमका असाच असतो.

म्हणून डावीकडे पडणं हे एका दोषाचं लक्षण मानू नका. विमानाला पुरेसा वेग मिळाला नाही, किंवा मिळालेला वेग त्याने नाक वर करून घालवला, की ते डावीकडे पडणार. वेग का मिळाला नाही, हे शोधायचं आहे.

आधी मोटरशिवाय फेकून बघा

ही तपासणी सगळ्यात आधी करा. मी ती पाचव्या पडण्यानंतर केली. पहिल्या पडण्यानंतर केली असती तर पुढची चार पडणी टळली असती.

मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून सोडवा. प्रॉपेलर आणि बॅटरी जागेवरच राहू द्या, नाहीतर तोल बदलेल. ईएससीतून रिसीव्हरला (रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाला) वीज मिळतच राहते, त्यामुळे सर्व्हो चालू असतात. गुडघाभर गवत असलेली जागा शोधा, वाऱ्याकडे तोंड करा. एलिव्हेटर आडव्या शेपटीच्या बरोबर रेषेत आहे का, ते ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, पडद्यावर न बघता डोळ्यांनी बघा. मग विमान खांद्याच्या उंचीवरून सरळ, किंचित नाक खाली करून, भाला फेकावा तसं सोडा. जोर माफक.

चांगला तोल असलेलं विमान १० ते १२ मीटर सरळ तरंगत जाऊन गवतावर टेकतं. तसं झालं तर धड, पंख, शेपटी सगळं ठीक आहे, दोष मोटरच्या कोनात, प्रॉपेलरमध्ये किंवा फेकण्यात शोधा. नाक वर करून क्षणभर थांबलं आणि मग कोसळलं तर शेपटी जड आहे. मोटर बंद असूनही दर वेळी एकाच बाजूला वळलं तर पंखाला पीळ आहे किंवा एक बाजू जड आहे. मोटरचा त्यात काही हात नाही, उगाच तिच्यामागे लागू नका. थेट खाली गेलं तर नाक जड. हा शेवटचा दोष सर्वात सौम्य, बॅटरी थोडी मागे सरकवली की सुटतो.

तीन-चार वेळा फेका. एका फेकीवरून काही ठरवू नका, हात दर वेळी वेगळा सुटतो.

गुरुत्वमध्य: इथेच बहुतेक उत्तरं सापडतात

आयताकृती पंखाच्या नवशिक्या विमानाचा गुरुत्वमध्य, ज्याला सगळे सीजी म्हणतात, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा. २० सेंमी रुंदीला ते होतात ५ ते ६ सेंमी. पंखाखाली दोन्ही बाजूंना, धडापासून सारख्या अंतरावर, पेनाने खूण करा आणि बॅटरीसकट विमान त्या खुणांवर दोन बोटांच्या टोकांवर तोला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपटी खाली गेली तर त्या दिवशी उडवायचं नाही. उडवणाऱ्यांमध्ये एक वाक्य सर्रास ऐकू येतं: नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं.

माझ्या विमानाचा आराखड्यातला सीजी ५.५ सेंमीवर होता आणि पहिल्या दिवशी मी तो नीट जुळवलाही होता. पहिल्यांदा पडलं ते माझ्या घाईमुळे. सोडताक्षणी मी एलिव्हेटर ओढला होता. पुढची चार पडणी मात्र वेगळ्या कारणाची होती. पाचव्या वेळी घरी आणून तोललं तेव्हा सीजी ८ सेंमीवर गेलेला आढळला, म्हणजे ४० टक्क्यांवर. वजन ७०० चं ७७० ग्रॅम झालं होतं.

हे अडीच सेंमी कुठून आले, याचा हिशेब मी वहीत मांडला. तो इथे देतो, कारण तो समजला की दुरुस्तीकडे बघायची नजर बदलते. शेपटी दोनदा मोडली होती, तिथे ग्लू गनचा गोंद आणि आइस्क्रीमच्या काड्या मिळून २५ ग्रॅम चढले होते. शेपटी सीजीपासून ५५ सेंमी मागे. २५ गुणिले ५५ म्हणजे १३७५, त्याला एकूण वजन ७७० ने भागलं की जवळपास १.८ सेंमी. केवळ त्या २५ ग्रॅमने सीजी एवढा मागे गेला. नाकातला बॅटरीचा कप्पा चेपला होता म्हणून १८० ग्रॅमची बॅटरी मी ४ सेंमी मागे ठेवत होतो. त्याचे सुमारे ०.९ सेंमी. चेपलेलं नाक मी कापून दीड सेंमी आखूड केलं, त्यामुळे मोटरही मागे आली, त्याचे थोडेसे. नाकाकडे लावलेल्या १५ ग्रॅम गोंदाने उलट दिशेला जेमतेम ०.३५ सेंमी भरून निघाले. बाकीचा गोंद पंखाजवळ होता, त्याने वजन वाढलं, तोल फारसा हलला नाही.

शेपटी लांब दांड्यावर असते, नाक आखूड. शेपटीवर १० ग्रॅम वाढले तर माझ्या विमानात नाकावर साधारण ३० ग्रॅम ठेवावे लागतात. बॅटरी जागेवर नेऊनही उरलेला तोल साधायला मला नाकात सुमारे ६५ ग्रॅम शिसं घालावं लागलं असतं. ते न करता मी शेपटीच नवी कापली, आतल्या बाजूचा कागद काढून हलकी केली, नाक मूळ मापाचं बांधलं. सहाव्या दिवशी मोटरशिवाय फेकलं तेव्हा ते सरळ गवतात जाऊन टेकलं, आणि त्याच संध्याकाळी ते माझ्या डोक्यावरून पहिली फेरी मारून आलं.

शेपटी जड असलेलं विमान डावीकडे का पडतं, हे आता जुळतं. थ्रॉटल दिलं की त्याचं नाक आपणहून वर जातं, वेग मरतो, पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो, आणि कोणता पंख आधी खाली जायचा हे प्रॉपेलरचा पीळ ठरवतो.

मोटर कुठे बघतेय?

बहुतेक आराखड्यांत मोटर बरोबर समोर बघत नाही. ती २ ते ३ अंश उजवीकडे आणि साधारण तेवढीच खाली वळवलेली असते. उजवा कोन डावीकडच्या ओढीला उतारा म्हणून, आणि खालचा कोन थ्रॉटल देताच नाक उचलायच्या सवयीला लगाम म्हणून. पंख वर असलेल्या विमानांत ही सवय जास्त दिसते. पुष्कळ नवशिके हा कोन बघून आपली मोटर वाकडी बसली असं समजतात आणि मेहनतीने ती सरळ करतात. दुरुस्तीत तर हा कोन हमखास जातो, कारण मोटर बसवलेली प्लायवुडची पट्टी पुन्हा चिकटवताना आपण ती धडाच्या कडेला सपाट टेकवतो.

दुरुस्त करायला पट्टी उखडायची गरज नाही. मोटर उजवीकडे वळवायची तर मागून बघताना डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली वॉशर घाला. खाली वळवायची तर वरच्या बाजूच्या स्क्रूंखाली. स्क्रूंमधलं अंतर २५ ते ३० मिमी असेल तर १ मिमी जाडीच्या वॉशरने सुमारे २ अंश मिळतात. मोजायला साधी युक्ती आहे. प्रॉपेलर आडवा धरून त्याच्या प्रत्येक टोकापासून उभ्या शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा ताणा. मोटर उजवीकडे वळलेली असेल तर उजव्या टोकापासूनचं अंतर कमी भरेल. १० इंची प्रॉपेलरला २ अंशांसाठी हा फरक ९ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे दोरा नीट ताणलात तर सहज दिसेल. बारीक सुती दोरा घ्या, रबर नको.

ग्लू गनने चिकटवलेली मोटरची पट्टी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. हा गोंद उन्हात तापला की मऊ होतो. घरी बरोबर असलेला कोन मैदानावर तासाभर ऊन खाल्ल्यावर बदललेला मी स्वतः पाहिला आहे. मोटर बोटांनी धरून हलवा. जरासुद्धा हलली तर तिथे इपॉक्सी लावा, किंवा पट्टी धडातून आरपार गेलेल्या बांबूच्या काड्यांना बांधून घ्या.

प्रॉपेलर आणि जोर

प्रॉपेलरवर माप छापलेलं असतं. ती अक्षरं उडण्याच्या दिशेला, म्हणजे पुढे यायला हवीत. उलट बसवलेला प्रॉपेलरही हवा मागेच फेकतो, आवाजही करतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ओढ बरीच घटते आणि विमान हातातून सुटल्यावर वेग घेत नाही.

याच जागी एक गोंधळ नेहमी होतो. मोटर उलटी फिरते, हवा पुढे फेकली जाते, आणि ते सुधारायला माणूस प्रॉपेलर पालथा बसवतो. त्याने काही होत नाही. मळसूत्र पालथं केलं तरी त्याचा पीळ तोच राहतो, तसंच हे. मोटर उलटी फिरत असेल तर ईएससीला जाणाऱ्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा, प्रॉपेलरची अक्षरं पुढेच ठेवा.

ईएससीला थ्रॉटलची हद्द शिकवली नसेल तर पूर्ण थ्रॉटललाही मोटर पूर्ण जोर देत नाही. प्रॉपेलर काढा, हे न विसरता. मग ट्रान्समीटरवर थ्रॉटल पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडा, ईएससीचे आवाज ऐका आणि थ्रॉटल पूर्ण खाली आणा. बहुतेक ईएससींना एवढं पुरतं, तरी आपल्या ईएससीबरोबर आलेला कागद एकदा वाचा.

वॅटमीटर मिळाला तर जोर मोजून टाका. शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात. आपल्या ७०० ग्रॅमच्या विमानाला म्हणजे १०५ ते १४० वॅट. मोजताना विमान कोणीतरी मागून घट्ट धरलेलं असावं आणि प्रॉपेलरच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत कोणीही उभं नसावं. आकडा कमी आला तर आधी बॅटरी बघा. भरलेली ३ सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. पूर्ण थ्रॉटलला ती लगेच १०.५ च्या खाली जात असेल तर ती थकली आहे. फुगलेली बॅटरी तर वापरायचीच नाही.

पंखाचा पीळ

विमान टेबलावर ठेवा, तीन मीटर मागे जा, एक डोळा मिटून बघा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्या दिसायला हव्यात. डाव्या पंखाची मागची कड टोकाकडे वर उचललेली असेल तर तो पंख कमी उचल देतो आणि विमान डावीकडे कलतं. साध्या फोमचा पंख हेअर ड्रायरने कोमट करून उलट दिशेला किंचित जास्त पिळून थंड होईपर्यंत धरून ठेवता येतो. कागद लावलेल्या फोमबोर्डवर हे नीट जमत नाही. तिथे खालच्या बाजूने कागदाला उथळ चीर देऊन, पंख सपाट पाटावर वजनाखाली ठेवून पुन्हा चिकटवणं बरं. आडवा तोलही बघून घ्या: प्रॉपेलरच्या दांड्याला आणि शेपटीच्या टोकाला दोरा बांधून विमान लटकवा. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला नाणं चिकटवा.

सर्व्हो, दिशा आणि जायरो

स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. हे विमानाच्या मागे उभं राहून, मोठ्याने बोलून तपासा. समोर उभं राहून तपासलं की डावं-उजवं फिरतं आणि चूक तशीच राहते.

ज्यांच्या रिसीव्हरमध्ये विमान स्थिर ठेवणारा जायरो आहे त्यांनी आणखी एक तपासणी करायलाच हवी. स्टिकला हात न लावता विमानाचा उजवा पंख खाली झुकवा. उजवा एलेरॉन खाली जायला हवा, म्हणजे तो पंख उचलेल. नाक खाली झुकवलं तर एलिव्हेटर वर जायला हवा. स्टिक बरोबर असूनही जायरो उलटा असू शकतो, आणि उलटा जायरो विमानाला एका सेकंदात उलथवतो. अशा वेळी वर लिहिलेलं काहीही कामाला येत नाही. तुमचं विमान झुकत न जाता फटकन गरकन फिरून पडत असेल तर हा परिच्छेद आधी वाचा.

पडल्यानंतर सर्व्होचा एखादा प्लास्टिकचा दात तुटलेला असतो. स्टिक अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि कान देऊन ऐका. अडखळण्याचा आवाज आला, किंवा स्टिक सोडल्यावर एलेरॉन मध्यावर परत येत नसेल, तर सर्व्हो बदला. सर्व्होचा हात मध्यावर असताना काटकोनात हवा. तो तिरका बसवून ट्रिमने सरळ केला तर एका बाजूची हालचाल कमी पडते, आणि ती बाजू उजवी असली तर सावरायला जागाच उरत नाही.

फेकणं

पंखाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आणि वजन ७०० ग्रॅम असेल तर विमान हवेत टिकायला सेकंदाला साधारण ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किमी वेग लागतो. ९०० ग्रॅमला तोच ८.५ मीटर होतो. वाऱ्याकडे तोंड करून फेकलं आणि वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर हाताने द्यायचा वेग साडेचारवर येतो. वाऱ्याची दिशा बघणं एवढं महत्त्वाचं आहे. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात तेच विमान तोच माणूस फेकतो आणि ते पडतं.

फेकायला दुसरा माणूस घ्या, आपले दोन्ही अंगठे स्टिकवर राहू द्या. त्याला तीन गोष्टी सांगा: पंख समतल, नाक क्षितिजाकडे, चार पावलं चालत येऊन सरळ ढकलल्यासारखं सोड. वर आकाशाकडे फेकायचं नाही. थ्रॉटल तीन चतुर्थांश पुरे. पूर्ण थ्रॉटलला पीळ सर्वात जास्त असतो आणि वेग अजून आलेला नसतो. सुटल्यावर मनात दोन आकडे मोजा, तोवर एलिव्हेटर ओढू नका. विमान थोडं खाली आलं तरी येऊ द्या, ते त्यातून वेग घेतंय.

तरी डावा पंख झुकलाच तर घाबरून पूर्ण उजवा एलेरॉन देऊ नका. त्याने डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, आधीच प्रवाह तुटत आलेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि तो अधिकच खाली जातो. उजवा रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) द्या. रडर आणि एलिव्हेटर प्रॉपेलरच्या हवेत असतात, वेग नसतानाही ते काम करतात. आणि नाक किंचित खाली सोडा. जमिनीजवळ नाक खाली सोडायला मन धजत नाही, हे मला माहीत आहे. गवतावर मोटर बंद ठेवून केलेल्या फेकींचा इथेही उपयोग होतो, हाताला ती सवय होते.

पुढच्या वेळी चिकटवताना

उडवायच्या आधीच, विमान नवं असतानाच, चार आकडे पंखाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: एकूण वजन, सीजीचं अंतर, नाकापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि बॅटरी कुठे ठेवली ती जागा. पडल्यानंतर चिकटवून झालं की हे चारही पुन्हा मोजा. एकही बदलला असेल तर मैदानावर जायच्या आधी तो परत आणा.

शेपटीकडे ग्लू गन नेऊ नका. तिथे फोमला चालणारा पातळ गोंद, किंवा नुसती चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी. साधा सायनो (झटपट चिकटणारा) गोंद पांढरा फोम विरघळवतो, आधी तुकड्यावर लावून बघा. चेपलेलं नाक कापून लहान करू नका, तेवढा भाग नवा बांधा, आत बांबूच्या दोन काड्या धडाच्या लांबीने घाला. नाकाकडे थोडा गोंद जास्त झाला तर चालतो, वजनाचा फायदाच होतो. शेपटी दुसऱ्यांदा मोडली तर ती टाकून नवी कापा. फोमबोर्डच्या एका तुकड्यात ती होते आणि अर्ध्या तासाचं काम आहे.

हे सगळं जुळवल्यावर एखाद्याचं विमान उजवीकडे पडू लागतं. माझंही एकदा गेलं. आधीच्या खटपटीत डावीकडच्या पडण्यावर उपाय म्हणून दिलेलं उजवं ट्रिम ट्रान्समीटरमध्ये तसंच राहिलेलं होतं. एलेरॉन आणि रडर, दोन्हींचं ट्रिम शून्यावर आणा, पुशरॉडची (सर्व्होपासून हलत्या भागापर्यंत जाणाऱ्या तारेची) लांबी जुळवून ते हलते भाग डोळ्यांनी सरळ करा, मोटरच्या वायरी पुन्हा सोडवा आणि गवतात एकदा फेकून बघा.